बाई निष्काळजी की मिक्सर नापास?

वेंगुर्ले तालुक्यातल्या बायकांना एक गोष्ट कुणी वेगळी शिकवावी लागत नाही. मिक्सर लावायचा असेल तर आधी पायात चपला घालायच्या. चप्पल स्वयंपाकघरात चालत नाही अशा घरात लाकडी पाट ओढून त्यावर उभे राहायचे. नवी सून घरात आली की सासू तिला मीठ कुठे, सोलं कुठे हे दाखवते आणि त्याच दमात सांगते, "चपला घाल गो, तो मिक्सर करंट मारता." एखादीला झटका बसलाच, तर घरातल्या पुरुषांचे उत्तर तयार असते, "ओले हात लावलंस तर करंट लागतलोच."

आता स्वयंपाकघरात बाईचे हात कोरडे असतात कधी? मासे धुवायचे, तांदूळ वैरायचे, खोबरे वाटायचे, मधेच चुलीवरचे उतरवायचे. ओल्या हातानेच तर स्वयंपाक होतो. ओल्या हाताने बटण किंवा पिन धरू नये हे खरेच आहे. पण यंत्राच्या नुसत्या अंगाला हात लागला आणि झटका बसला, तर तो हाताचा दोष नाही. ते यंत्र नापास आहे. घरात मात्र नापास ठरते ती बाई.

हा काय चळवळीचा विषय झाला का, असे काही मैत्रिणी विचारतील. हुंडा, मारहाण, रेशन, दारू, पाणी हे आपले प्रश्न. मिक्सरची गुणवत्ता बघायला ग्राहक संघटना आहेत. मला तसे वाटत नाही. बचत गटांच्या कामासाठी मी वाड्यावाड्यांतून फिरते. बैठक कुणाच्या तरी पडवीत होते आणि चहाच्या निमित्ताने आतपर्यंत जाणे होते. तिथल्या फळीवर गेल्या काही वर्षांत जे साठले आहे, त्यात बाहेरून आलेल्या वस्तू किती आहेत ते बघण्यासारखे आहे. दुबईचा मिक्सर, मस्कतची विजेची किटली, कुवेतहून आलेला सँडविच टोस्टर, म्हापशाच्या बाजारात घेतलेला हातातला ब्लेंडर, मुंबईच्या मुलाने मोबाईलवरून मागवलेला एअर फ्रायर. या वस्तू कुणी तपासल्या, कोणत्या कसोटीवर तपासल्या, बिघडल्या तर जबाबदार कोण, हे घरातल्या बाईला ठाऊक नसते. वस्तू घेताना तिला विचारलेले नसते. रोज हाताळायची मात्र तिनेच.

कारखान्यातली बाई आणि घरातली बाई

आपल्या तालुक्यात काजूचे कारखाने आहेत. बी फोडणे, सोलणे, गर निवडणे ही कामे बहुतेक बायकाच करतात. तिथल्या अडचणींवर आपण अनेकदा बोललो आहोत. तरी कागदावर का होईना, कारखान्यातल्या यंत्राला कायदा लागू आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राचा फिरता, धोक्याचा भाग झाकलेला असला पाहिजे हे बंधन मालकावर घातले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या श्रमसंहितेनेही सुरक्षिततेची जबाबदारी मालकावरच ठेवली. यंत्र झटका देत असेल तर ते बंद करा, असे सांगणारा कुणी निरीक्षक तरी असतो.

तीच बाई संध्याकाळी घरी येते आणि वाटप वाटायला मिक्सर लावते. इथे निरीक्षक नाही, मालकाची जबाबदारी नाही, आणि हे काम आहे असे मानणारेही कुणी नाही. स्वयंपाकघर ही कामाची जागा आहे हे आपल्या कुठल्याच कामगार कायद्याने मान्य केलेले नाही. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाईचेही तेच. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मालकिणीचा मिक्सर बरा आहे की नाही हे तपासायला त्या कायद्याने कुणाला पाठवलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. घरात काम करणाऱ्या बाईसाठी सुरक्षिततेचा जो काही कायदा आहे, तो वस्तू घरात येण्याआधीच लागू होतो. कारखान्यात, बंदरात, दुकानाच्या गोदामात. तिथे तपासणी सुटली की पुढे तिच्या बाजूने उभे राहणारे कुणीच उरत नाही. आयात मालाची गुणवत्ता तपासणे हा व्यापाऱ्यांचा आणि कस्टमवाल्यांचा रुक्ष विषय वाटतो खरा, पण ज्यांच्या कामाला काम म्हटले जात नाही अशा कोट्यवधी बायकांचा तो एकुलता एक कामगार कायदा आहे.

मार्क म्हणजे नेमके काय

आयएसआय हे तीन अक्षरी चिन्ह आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याने तिची जागा भारतीय मानक ब्युरोने, म्हणजे बीआयएसने, घेतली आणि आज २०१६ चा कायदा लागू आहे. संस्था बदलली तरी चिन्ह तेच राहिले. खऱ्या मार्कवर तीन गोष्टी असतात: मधे चिन्ह, वर त्या वस्तूच्या मानकाचा क्रमांक, आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसते चिन्ह छापलेले असेल आणि परवाना क्रमांक नसेल तर तो मार्क नव्हे, चित्र आहे.

घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेचे मूळ मानक आयएस ३०२. त्यात काय तपासतात? वीज वाहणाऱ्या भागाला बोट लागू शकते का? ओल लागल्यावर अंगातून किती वीज गळते? बराच वेळ चालवल्यावर मूठ, झाकण, वायर किती तापते? किटलीतले पाणी संपले, मिक्सरचे पाते अडकले, तर वस्तू पेट घेते की गपचूप बंद पडते? वायर ओढली गेली तर आतून सुटते का? अर्थिंगची जोडणी पक्की आहे का? यातला एकेक प्रश्न वाचताना मला आपले स्वयंपाकघर दिसते. पाणी आटून जाणे, मूल वायर ओढणे, घाईत मसाला जास्त भरल्याने पाते अडकणे, हे तर रोजचे आहे. घरात ज्याला 'बाईचा निष्काळजीपणा' म्हणतात, त्याला मानक 'नेहमीच्या वापरात होऊ शकणारी गोष्ट' म्हणते आणि वस्तूने ती सोसली पाहिजे अशी अट घालते.

परदेशी वस्तूंवर दिसणाऱ्या 'सीई' अक्षरांबद्दलही गैरसमज आहे. ते युरोपातल्या नियमांचे चिन्ह. अशा साध्या घरगुती वस्तूंवर बहुधा उत्पादक स्वतःच्याच जबाबदारीवर ते लावतो. भारतात ते आयएसआयच्या जागी चालत नाही. आयएसआयसाठी परदेशी कारखान्यालाही बीआयएसचा परवाना घ्यावा लागतो, नमुने तपासून घ्यावे लागतात, कारखान्याची पाहणी होते आणि भारतात जबाबदार राहील असा प्रतिनिधी नेमावा लागतो. हा शेवटचा मुद्दा आपल्या दृष्टीने मोठा आहे. वस्तू चीनची असो वा तुर्कस्तानची, जाब विचारायला इथे कुणीतरी असले पाहिजे.

सगळ्या वस्तूंना हा मार्क पहिल्यापासून सक्तीचा मात्र नव्हता. १९८१ साली घरगुती विद्युत उपकरणांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला, पुढे २००३ साली नवा. त्यांत नावे घेतलेल्या इस्त्री, विजेची शेगडी, पाणी तापवायचा रॉड, गिझर अशा वस्तूंनाच सक्ती होती. मधल्या काळात बाजार उघडला. १ एप्रिल २००० आणि १ एप्रिल २००१ या दोन टप्प्यांत चौदाशेहून अधिक प्रकारच्या मालावरचे आयातीचे संख्यात्मक निर्बंध उठले आणि स्वस्त परदेशी वस्तू गावच्या जत्रेपर्यंत पोचल्या. आयात केलेल्या पाकिटावर आयातदाराचे नाव आणि पत्ता असला पाहिजे हा नियमही त्याच सुमाराचा. प्रेशर कुकरला मार्क सक्तीचा झाला तो थेट १ फेब्रुवारी २०२१ पासून. आणि वेगळ्या आदेशांत नावे नसलेली उरलेली घरगुती विद्युत उपकरणे एकत्रित आदेशात आली ती २०२४ साली. त्या आदेशाची तारीख आधी १९ मार्च २०२५ होती. मे २०२५ मध्ये नवा आदेश काढून ती १९ मार्च २०२६ केली. व्यापाऱ्यांना तयारीला वेळ हवा म्हणून मुदत वाढते. त्या वाढीव मुदतीत जो माल घरोघर जातो, तो वापरणारीला वेळ हवा आहे का, हे कुणी विचारलेले माझ्या ऐकिवात नाही.

विमानातून आलेली वस्तू

आपल्या भागात आयात म्हटले की नुसती बंदरातली पेटी समजून चालणार नाही. गल्फहून सुट्टीवर येणाऱ्याची बॅग हीसुद्धा आयातच आहे. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या वस्तूला विमानतळावर कुणी आयएसआय मार्क विचारत नाही. विचारावा असेही मी म्हणणार नाही. वर्षावर्षाने घरी येणाऱ्या माणसाने बायकोसाठी, आईसाठी आणलेला मिक्सर जप्त व्हावा अशी कुणाची इच्छा असेल? शिवाय तिथल्या वस्तू सरसकट वाईट असतात असेही नाही. आखाती देशांनी १ जुलै २०१६ पासून अनेक घरगुती विद्युत उपकरणांना स्वतःचे 'जी' चिन्ह सक्तीचे केले आहे. तिथे तपासून घेतलेली वस्तू चांगली असू शकते.

गडबड होते ती पिनेपाशी. दुबई, मस्कत, कुवेत, कतारमध्ये चपट्या तीन पिनांचा ब्रिटिश धाटणीचा प्लग असतो आणि त्या प्लगच्या पोटातच एक छोटा फ्यूज असतो. आपल्या बोर्डाला गोल पिना लागतात. मग घरात काय होते? रस्त्यावर मिळणारा स्वस्त जोड लावतात, जो सैल बसतो आणि तापतो. नाहीतर प्लगच कापून टाकतात आणि त्या जागी टू-पिन बसवतात. हिरवी-पिवळी वायर, म्हणजे अर्थिंगची, "ही लागत नाही" म्हणून मागे दुमडून चिकटपट्टी मारतात. एका कात्रीत दोन संरक्षणे गेली, फ्यूजचे आणि अर्थिंगचे. आता आतले वेष्टण फाटले की यंत्राच्या धातूच्या अंगात वीज उतरते. अर्थिंग असते तर ती जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. ती वाट बंद केल्यावर तिला दुसरी वाट बाईच्या अंगातून मिळते. चपला घालायची युक्ती बायकांनी शोधून काढली ती यामुळे.

ज्या उपकरणाला मुळातच दोन वायरी असतात, त्याच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याला दुहेरी वेष्टण असल्याने अर्थिंग लागत नाही. पण मूळ तीन वायरींच्या वस्तूला दोन करायचा अधिकार कुणालाच नाही. वायरमनलाही नाही, नवऱ्यालाही नाही.

त्यात आपली हवा. खाऱ्या वाऱ्याने किनाऱ्यालगत लोखंड टिकत नाही, अर्थिंगची सळी गंजते. जांभ्या दगडाची जमीन एप्रिल-मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते तेव्हा चांगली अर्थिंगही नीट काम करत नाही. जुन्या घरांच्या फिटिंगमध्ये तर तिसरी वायरच ओढलेली नसते. आणखी एक गोष्ट वजनदार उपकरणांची. २००० वॅटची किटली २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज खेचते. ती सहा अँपिअरच्या साध्या बोर्डात खुपसली की बोर्ड काळा पडतो, वास येतो. "हिने सारखी किटली लावून बोर्ड जाळला," हे वाक्य मग ठरलेले. अमेरिकेतून आलेली वस्तू तर १२० व्होल्टची असते. सौदी अरेबियातही पूर्वी घरांत १२७ व्होल्टची वीज असे, तिथली जुनी वस्तू कुणी आणून इथे थेट लावली तर ती जळणारच. वस्तूच्या पाटीवर व्होल्टचा आकडा लिहिलेला असतो. तो वाचायला फार शिक्षण लागत नाही, पण तो वाचायचा असतो हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

दुकानातून आणि मोबाईलवरून

बॅगेतून येणाऱ्या वस्तूचे एक बरे असते, ती एकेकटी येते. पेट्यांनी येणारा आणि मोबाईलवरून विकला जाणारा माल मोठा आहे आणि तिथे जबाबदारी टाळणे हा रीतसर धंद्याचा भाग झाला आहे. प्रेशर कुकरचेच उदाहरण घ्या. मार्क सक्तीचा झाल्यानंतरही बिनमार्काचे कुकर मोठ्या ऑनलाइन दुकानांवर विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी एक लाख रुपये दंड केला. ॲमेझॉनवरून असे २,२६५ कुकर विकले गेले होते, फ्लिपकार्टवरून ५९८. गिऱ्हाइकांना कळवा, कुकर परत मागवा, पैसे परत द्या, असेही आदेशात होते. "आम्ही नुसते मधले, विकणारा वेगळा," हे कंपन्यांचे म्हणणे प्राधिकरणाने मानले नाही. विक्रीतून दलाली घेता, मग जबाबदारीही घ्या, हा त्यातला साधा न्याय.

पुढे १९ मार्च २०२५ रोजी बीआयएसने दिल्लीत ॲमेझॉनच्या गोदामावर छापा घातला. पंधरा तास चाललेल्या त्या झडतीत मार्क नसलेल्या ३,५०० हून अधिक वस्तू मिळाल्या, किंमत सुमारे ७० लाख रुपये. त्यांत गिझर होते, मिक्सर होते. कुकरच्या वेळची दंडाची रक्कम मला आठवते ती तिच्या छोटेपणामुळे. लाख रुपये ही वेंगुर्ल्यातल्या बचत गटाला मोठी रक्कम आहे. अशा कंपनीला ती काहीच नाही. २०१६ च्या कायद्यात सक्तीचा मार्क नसलेला माल आयात करणे किंवा विकणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड आहे आणि दंड मालाच्या किमतीच्या दहा पटींपर्यंत वाढू शकतो. म्हणजे दात आहेत. ते लावण्याची इच्छा हवी.

"मग वस्तू महाग होतील"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. मार्कासाठी परवाना, तपासणी, कारखान्याची पाहणी यांना पैसे लागतात आणि ते शेवटी किमतीत येतात. मोठ्या कारखानदाराला ते परवडते, छोटा मागे पडतो. असे आदेश काही वेळा सुरक्षिततेपेक्षा बाहेरचा माल अडवायलाच वापरले जातात हीही टीका आहे, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारने कच्च्या मालावरचे काही आदेश मागेही घेतले. पण कच्चा माल आणि हातात धरायची वस्तू यांत फरक आहे. धाग्याचा बंडल बाईला झटका देत नाही.

आणखी एक मोह असतो, तो म्हणजे यंत्रेच नकोत म्हणण्याचा. पाटा-वरवंट्यावरच्या वाटपाची चव निराळी, असे बहुतेक वेळा ज्यांनी कधी वाटले नाही तेच म्हणतात. मिक्सरने बायकांचा रोजचा तासभर वाचवला आहे, खांदे आणि कंबर वाचवली आहे. अनेक गटांचा मालवणी मसाल्याचा धंदा यंत्रावरच उभा आहे. आपल्याला यंत्रे हवीत, आणि गरीब घरातल्या बाईलाही परवडतील अशी हवीत. स्वस्त वस्तू असुरक्षितच असणार हे मान्य करणे म्हणजे गरीब बाईचा जीव स्वस्त आहे हे मान्य करणे. तपासणीचा खर्च छोट्या उत्पादकाला जड जातो तर सरकारने तो उचलावा. त्यासाठी तपासणी सैल करू नये.

भडक्याचा जुना धडा

स्वयंपाकघरातल्या वस्तूवर बोट दाखवताना आपल्याला एक जपून पाऊल टाकावे लागते. बाहेरून आलेले पहिले छोटे स्वयंपाकाचे यंत्र म्हणजे प्रायमस. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला हा स्टोव्ह चाकरमान्यांच्या खोल्यांतून कोकणात आला आणि नाव राहून माल इथला झाला. ऐंशीच्या दशकात 'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य पोलीस ठाण्यांत किती वेळा लिहिले गेले हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. चळवळीने विचारले, भडका फक्त सुनांच्याच अंगावर कसा उडतो? त्यातून १९८३ साली कलम ४९८ अ आणि १९८६ साली ३०४ ब आले. भारतीय न्याय संहितेत ती आज ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत.

त्या लढ्याने आपल्याला शिकवले की वस्तूच्या नावावर खून खपवले जातात. म्हणून वस्तू सदोष होती असे कुणी म्हटले की आपल्याला शंका येते, आणि ती यावीच. पण उलट बाजूही खरी आहे. वस्तू खरोखर सदोष असते तेव्हा दोष पुन्हा बाईच्याच नावावर जातो, ती निष्काळजी होती म्हणून. दोन्ही वेळा एक गोष्ट कुणी करत नाही: ती वस्तू नीट तपासत नाही. कोणत्या कंपनीची, मार्क होता का, परवाना क्रमांक काय, पिन कापलेली होती का, वायर कुठे जळली, हे पंचनाम्यात लिहिले आणि वस्तू जप्त करून तपासणीला पाठवली, तर खोटे बोलणाऱ्या सासरचे खोटे उघडे पडेल आणि खोटा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याचेही. भाजलेल्या, झटका बसलेल्या प्रत्येक बाईच्या प्रकरणात ही मागणी आपण पोलीस ठाण्यात लेखी केली पाहिजे.

गटांनी काय करायचे

ग्राहक संरक्षण कायद्यात एक तरतूद १९८६ पासून आहे आणि २०१९ च्या कायद्यातही ती कायम आहे. वस्तू विकत घेणाराच नव्हे, तर त्याच्या संमतीने ती वापरणारी व्यक्तीही ग्राहक ठरते. पावती नवऱ्याच्या नावाची असली तरी तक्रार तुम्ही करू शकता. मालकिणीच्या मिक्सरने इजा झालेली मोलकरीणही या शब्दांत बसते, हे आपण आयोगापुढे मांडले पाहिजे. स्वतःच्या श्रमावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तूही या कायद्याबाहेर जात नाही, म्हणजे मसाला करणाऱ्या बायकांचा मिक्सर आला. आयात करणाऱ्याला कायदा विक्रेत्यांतच मोजतो, आणि मूळ उत्पादक सापडत नसेल किंवा त्याला इथला कायदा लागू होत नसेल तर सदोष वस्तूची भरपाई विकणाऱ्याकडून मागता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बीआयएसच्या 'बीआयएस केअर' या मोबाईलवरच्या सोयीत परवाना क्रमांक टाकला की तो खरा की खोटा ते कळते.

यासाठी पावती हवी. गल्फमध्ये घेतलेल्या वस्तूच्या दुकानदाराला इथून जाब विचारणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून तिथून आणायचेच असेल तर सांगून ठेवा: २२० ते २४० व्होल्टची वस्तू, पाटीवर चिन्ह असलेली, आणि पिन कापायची नाही. इकडे तीन गोल पिनांचा चांगला प्लग अर्थिंगसह बसवून घ्यायचा.

गटांच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या वस्तूंच्या पाट्या वाचून याव्यात आणि एका वहीत लिहाव्यात: वस्तू, देश, व्होल्ट, वॅट, मार्क, पिना किती, करंट मारते का. गटाने मिळून जाणकार वायरमन बोलवावा आणि वाडीतल्या घरांची अर्थिंग तपासून घ्यावी. जमेल तिथे ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारी आरसीसीबी बसवावी. घर दुरुस्तीच्या कर्जात गटाने हा खर्च धरावा. आणि गटाच्या धंद्यासाठी यंत्र घेताना बिल, मार्क आणि परवाना क्रमांक यांशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा ठराव करावा.

हे काम बायकांना नवे नाही. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली ती बायकांनीच. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तेव्हा प्रश्न होता वस्तू मिळते का आणि परवडते का. आज वस्तू दारात येते. आता विचारायचे आहे की ती तपासून येते का.

वेंगुर्ले, शिरोडा, तुळस भागात आम्ही ही वही सुरू करत आहोत. तुमच्या गटानेही करावी आणि तिच्यात काय निघाले ते मासिकाकडे कळवावे. चार-पाच तालुक्यांच्या वह्या जमल्या की त्या घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि बीआयएसच्या कार्यालयात जाता येईल. तोपर्यंत, कुणी "ओले हात लावलंस म्हणून" असे म्हणाले तर त्याला एवढेच सांगा, मिक्सरची पाटी वाचून दाखव.